माळदिव्याला जाऊन आलो

“माळदिवा? ह्यो कुठला माळ म्हणायचा?” आईनं विचारलं.

आईचा सगळा भूगोल माळांवर उभा आहे. देवीचा माळ, म्हसोबाचा माळ, विजेच्या ऑफिसामागचा माळ. त्यापलीकडं जग असेलही, पण तिथं आपला बांध नाही म्हटल्यावर तिला त्याची चौकशी करायचं कारण पडलेलं नाही. त्यामुळं आम्ही नवरा-बायको मालदीवला निघालोय हे कळल्यावर तिचा पुढचा प्रश्न सरळ होता. “नातेपुत्याच्या रस्त्याला का वेळापूरच्या?”

“समुद्रात आहे आई. लंकेच्या अंगाला.”

“समुद्रात कसला आलाय माळ? ही एवढी रोगराई सुटलीया, माणूस माणसाला शिवंना, आन् तुम्ही निघालाय लंकंला!” मग तिनं जरा वेळ पदराचं टोक चोळलं आणि अचानक निकाल दिला, “जावा. माझं आजं सांगायचं, पलेगात आख्खं गाव उठून माळावर गेलं हुतं. झोपड्या घालून ऱ्हायलं. रोग हटला, मग आलं परत. रीतच हाय ती. तुमचा माळ जरा लांब हाय, एवढंच.”

१८९६ साली मुंबईत उतरलेला प्लेग पुढं घाट चढून इकडं आला, तेव्हा गावंच्या गावं अशी रानात राहायला गेली होती. आईनं एका वाक्यात आमच्या परदेशवारीला सव्वाशे वर्षांची परंपरा मिळवून दिली. तिला पटवायला मी अकरा मुद्दे काढून ठेवले होते. ते तसेच राहिले. पुढं गावाला पटवताना उपयोगी पडतील म्हणून मी ते जपून ठेवले, पण गावाला बावीस लागले असते.

गोष्ट मार्च २०२१ ची. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. १९९६ साली आम्ही लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो. दोघं नव्हे, सहा जण. आई, दोन आत्या आणि वाटेत फलटणला चढलेला एक मावसभाऊ. वेण्णा तलावात होडीत बसलो तेव्हा माझ्या आणि बायकोच्या मध्ये थोरली आत्या होती. “त्याच्या बदल्यात मला एकदा दोघांनाच कुठंतरी जायचंय,” हे वाक्य बायकोनं पंचवीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं. लॉकडाऊनच्या वर्षभरात त्याला भलतंच व्याज चढलं. मालदीवनं १५ जुलै २०२० ला पर्यटकांसाठी दारं उघडली आणि मुंबईचे सगळे नट-नट्या एकेक करून तिकडं जाऊन निळ्या पाण्यात उभे राहिले. आमच्या घरात ते फोटो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत फराळासारखे फिरत होते.

माझा मेहुणा पुण्याला असतो. तो म्हणाला, “दाजी, हीच वेळ आहे. एरवी आपल्याला परवडणार नाही. एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. दुसरा माणूस जवळ येत नाही. जगात यापेक्षा सुरक्षित जागा नाही.”

मी ठिबक सिंचनाचा दुकानदार. गिऱ्हाइकाला ‘यापेक्षा चांगला माल नाही’ असं मीही रोज सांगतो. तरी फसलो.

गावात बातमी फुटायला एक दुपार पुरली. तोंडावरच्या पट्टीतूनही आमच्या अकलूजचा माणूस काय म्हणतोय ते स्पष्ट कळतं. “काय लका, परदेशी चाललाय म्हणं?” यात कौतुक कमी आणि आरोग्य खात्याची चौकशी जास्त. त्यात गैरही काही नव्हतं. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, ते दुबईची सहल करून आलेलं जोडपं होतं. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? पण तेव्हापासून आमच्याकडं ‘सहल’ या शब्दाला ताप येतो. दुबई लांब राहिली, २०२० च्या उन्हाळ्यात नुसता पुण्याहून कोणी आला तरी गल्लीत खिडक्या लागायच्या. नीरेच्या पुलापलीकडची सराटी पुणे जिल्ह्यात. पूल ओलांडायचा तर ई-पास लागायचा. आमचे एक चुलते पलीकडच्या व्याह्यांशी अलीकडच्या काठावरून ओरडून बोलत असत, आणि साखरपुड्याची देणीघेणी तशीच ठरली. दोन्ही काठांनी ती ऐकली, त्यामुळं नंतर फिरवता आली नाहीत हा एक फायदा.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते आमच्या समोरच्या तात्यांचं बोलणं. तात्या माळकरी. दर आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, रिंगण होतं, अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला तात्या पोरासारखे पळतात. २०२० साली ते मैदान रिकामं राहिलं. पादुका ३० जूनला देहूहून एसटीनं पंढरीला गेल्या, बरोबर वीस वारकरी. तात्या म्हणाले, “तुकोबांना शेजारच्या जिल्ह्यात जायला सरकारचा कागद लागला. आन् तुम्हाला समुद्र वलांडायला दिला?”

याला उत्तर नव्हतं. मी पट्टी वर केली आणि खोकल्यासारखं केलं. तात्या ताबडतोब घरात गेले. साथीच्या काळात वाद संपवायचा हा रामबाण उपाय होता.

मालदीवचा तेव्हाचा नियम असा, की निघण्याआधी ९६ तासांच्या आत केलेली तपासणी ‘निगेटिव्ह’ हवी. लग्नाच्या मुहूर्तालाही आम्ही इतकं गणित केलं नव्हतं. आज नमुना दिला तर कागद उद्या संध्याकाळी, विमान परवा, म्हणजे एक दिवस हाताशी. पण उद्याचा कागद परवावर गेला तर? मी दुकानातल्या वहीत पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक आखतात तसं तासांचं कोष्टक आखलं. मग त्या माणसानं नाकात काडी घातली. आयुष्यभर मी सोळा एमएमची नळी जमिनीत पुरतोय. जमिनीला काय वाटत असेल ते त्या दिवशी कळलं.

निगेटिव्ह कागद आल्यावर बायकोनं तो देवापुढं ठेवला. आमच्या मुलाचा दहावीचा निकालसुद्धा देवापुढं ठेवला नव्हता. अर्थात, तो ठेवण्यासारखा नव्हता.

निघताना आईनं एकच मागणं केलं. देव्हाऱ्यात माझ्या आजीची कवड्यांची माळ आहे. आजी तुळजाभवानीची आराधी, नवरात्रात ती माळ घालून परडी घेऊन जोगवा मागायची. आता आई घालते. “समुद्रावर चाललायस, तर येताना एखादी कवडी आण. माळंतली एक फुटलीया.”

पहाटे निघालो. इंदापूर, भिगवण, उजवीकडं उजनीचं पाणी दूरवर चमकत होतं. आमच्याकडचा समुद्र तोच. त्यात रोहित पक्षी सैबेरियाचे की कच्छचे यावर वाद घालायचा आणि मासे खाऊन परत फिरायचं, एवढीच आमची सागरी संस्कृती. हडपसरच्या अलीकडं मेहुणा गाडीत चढला आणि म्हणाला, “दाजी, इकडं आत सीरम. आपली कोव्हिशिल्ड इथंच बनते.” मी भक्तिभावानं हात जोडले. हात जोडण्यापलीकडं काही करता येत नव्हतं, कारण माझं वय एकोणपन्नास. १ मार्चपासून लस मिळत होती ती साठीच्या पुढच्यांना, किंवा पंचेचाळिशीच्या पुढं असून सोबत एखादा आजार असेल तर. आईला मिळाली. मला बीपी नाही, साखर नाही. निरोगी असल्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

विमानात बायकोला मधली जागा आली. मधल्या जागेवाल्यांना अंगभर पांढरा झगा, वर तोंडापुढं पारदर्शक पडदा. तिनं या दिवसासाठी खास शिवून घेतलेला मोरपंखी ड्रेस झग्याखाली गेला. पंचवीस वर्षांनी आम्ही दोघंच निघालो होतो आणि ती माझ्याशेजारी ऑपरेशनला निघाल्यासारखी बसली होती. मी म्हटलं, “निदान मध्ये आत्या तरी नाही.” पडद्याआडून आलेला आवाज कळला नाही, अर्थ कळला. अकलूजहून मुंबईला जायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्यात मुंबईहून माले आलं.

माले बंदर दिसल्यावर एक गोष्ट आठवली आणि खिडकीतलं निळेपण जरा उतरलं. दहा महिन्यांपूर्वी, मे २०२० मध्ये, याच मालेहून नौदलाचं ‘जलाश्व’ जहाज ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला गेलं होतं. काम गेलेली, अडकून पडलेली माणसं. ती जिथून सुटून घरी गेली तिथं आम्ही घर सोडून, पैसे भरून आलो होतो.

बेट मात्र फोटोतल्यासारखंच होतं, हे कबूल केलं पाहिजे. पाणी असं की त्यात रंग मिसळलाय असा संशय यावा. उतरताच एका मुलीनं ताप पाहिला आणि मनगटावर निळी पट्टी बांधली. मला एकदम २०२० आठवलं. तेव्हा बाहेरून येणाऱ्याच्या हातावर शाईचा शिक्का मारायचे, ‘होम क्वारंटाइन’. शिक्का फुकट होता, एवढाच फरक.

पहिला दिवस फार छान गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्यावरच्या खोलीत पालथा पडून काचेतून खालचे मासे बघत होतो, तेव्हा हळूहळू उजेड पडायला लागला. एक खोली. बाहेर जायला जागा नाही. जेवण दाराशी ठेवून माणूस बेल वाजवून निघून जातो. शेजारी दिसतो, पण सहा फुटांच्या पलीकडून हात हलवतो. दिवसातून एकदा ताप बघतात. करायला काही नाही, आणि कधी सुटणार ते कागदावर लिहिलेलं. हे मी कुठं पाहिलं होतं? आमच्या चुलतभावाला मागच्या वर्षी गावातल्या शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवला होता, तिथं. त्याला मात्र संध्याकाळी खिडकीतून मित्र दिसत, डब्यात पिठलं-भाकरी येई आणि परत येताना सरपंचांनी टाळ्या वाजवून फूल दिलं होतं. आम्ही विमानभाडं भरून, पैसे मोजून विलगीकरण विकत घेतलं होतं.

पैशांचा हिशेब मी मुद्दाम उसात केला. डॉलरमध्ये केला की काही वाटत नाही, आणि रुपयांत केला की झोप लागत नाही. शहाळं बारा डॉलर. त्यावर दहा टक्के सेवेचे, त्यावर बारा टक्के कर. म्हणजे हजार रुपयांच्या वर. त्या हंगामात उसाची एफआरपी होती टनाला २८५० रुपये. तीन शहाळी प्यायली की एक टन ऊस संपला. तोही दहा टक्के उताऱ्याचा, तोडणी-वाहतूक वजा न करता. बायको नारळाच्या झाडाखाली शहाळं घेऊन फोटो काढत होती आणि मला तिच्यामागून एक ट्रॅक्टर-ट्रॉली जाताना दिसत होती.

आमच्या खोलीचं बघणारा मुलगा तिथलाच होता. वरणावर तूप सोडावं तसं गोड हसायचा. मी विचारलं, तुमच्या भाषेत आकडे कसे? तो म्हणाला, “एके, दे, तिने.” मी उठून बसलो. रोटीला ‘रोशी’, माशाला ‘मस’. दिवेही ही आपल्याच भाऊबंदकीतली भाषा, सिंहलीची जवळची बहीण. शेकडो मैल समुद्र ओलांडून आलो तर भावकी पुढं उभी! सकाळी न्याहारीला ‘मस हुनी’ असायचं. मासा, खोबरं, कांदा, मिरची एकत्र कालवून वर रोशी. ‘मस’ म्हणजे मासा हे कळायच्या आधी बायकोनं गुरुवारी ते खोबऱ्याची चटणी म्हणून दोनदा घेतलं. कळल्यावरही तिनं तिसऱ्यांदा घेतलं. म्हणाली, “परदेशात वार नसतो.”

त्याच मुलाला मी सहज विचारलं, लस मिळाली का? तर म्हणे, पहिला डोस झाला. कोणती? “कोव्हिशिल्ड. फ्रॉम पुने, सर.” भारतानं २० जानेवारीला एक लाख डोस मालदीवला भेट पाठवले होते. भारताबाहेर पाठवलेल्या पहिल्या काही खेपांतले ते. मी ज्या रस्त्यानं हात जोडून आलो होतो, त्या रस्त्यावरची लस माझ्या आधी समुद्र ओलांडून या मुलाच्या दंडात गेली होती. घरी आईनं घेतलेली, इथं यानं घेतलेली, आणि मध्ये मी, कोरडवाहू. पण खरं सांगतो, राग आला नाही. त्यानं रोज आमच्यासारखे पन्नास जण हाताळायचे होते. त्यानं मला रोज एकट्यालाच हाताळायचं असतं तरी त्याला आधी मिळायला हवी होती.

तिसऱ्या संध्याकाळी वाळूत एक गृहस्थ भेटले. सहा फुटांवरून त्यांनी मला ओळखलं, चेहऱ्यावरून नाही, चपलेवरून. “कापशी?” मी म्हटलं, “होय. कुठलं गाव?” “इंदापूर.” आता इंदापूर आणि अकलूज यांच्यात नीरा वाहते. वीर धरणातून डावा कालवा त्यांच्याकडं जातो आणि उजवा आमच्याकडं येतो, आणि या दोन वाक्यांत तीन पिढ्यांचं भांडण मावलेलं आहे. दोन मिनिटं सूर्यास्ताचं कौतुक झालं. पाचव्या मिनिटाला आम्ही वाळूत काठीनं धरण काढलं. दहाव्या मिनिटाला ते म्हणाले, “तुमच्याकडं फाट्याला जास्त सोडत्यात.” चहूबाजूंनी हिंदी महासागर पसरलेला, आणि त्यात दोन माणसं उन्हाळी पाळीवरून हमरीतुमरीवर आलेली. सहा फुटांचं अंतर होतं म्हणून बरं.

आमचा आवाज ऐकून तो मुलगा आला. पाण्याचा वाद आहे कळल्यावर हसला. आमच्याकडं तर नदीच नाही, म्हणाला, समुद्राचं पाणी गोडं करून पितो. ४ डिसेंबर २०१४ ला माले शहरातल्या त्या कारखान्यात आग लागली, नळ बंद पडले, तेव्हा तुमच्या देशानं विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवलं. मोहिमेचं नाव त्याला पाठ होतं. “ऑपरेशन नीर.”

मला ‘नीरा’ ऐकू आलं. मी म्हटलं, “बघा! आमचं पाणी इकडं आलं होतं होय!”

इंदापूरकर तत्काळ म्हणाले, “उजव्या कालव्यातनंच सुटलं असंल. आमच्या डाव्याला कुठं मिळतंय?”

शेवटच्या सकाळी मी आईची कवडी शोधायला निघालो. पाण्याच्या काठाशी पाटी होती, शिंपले, प्रवाळ उचलू नयेत. एक कवडी दिसली. उचलायला वाकलो तर आत मालक होता. त्याचं विलगीकरण माझ्यापेक्षा पक्कं होतं. तसाच परत फिरलो. नंतर हॉटेलचं बिल आल्यावर खिशातही कवडी राहिली नाही.

परत येताना पुन्हा नाकात काडी, पुन्हा कागद, पुन्हा झगा. सरकारचा नियम होता, चौदा दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवा. आईचा नियम जास्त कडक निघाला. आमची गाडी दारात थांबायच्या आत ती ओट्यावरून ओरडली, “हितं उतरू नगा! वस्तीवर जावा!”

आमच्या मळ्यात विहिरीवर मोटारीची खोली आहे. अर्धी खोली काठावर, अर्धी आत पाण्यावर आलेली. त्या रात्री खाटेवर पडलो, खाली विहिरीचं पाणी डुचमळत होतं, वर नारळाची दोन झाडं सळसळत होती, शेततळ्याचं पाणी थेट आभाळाला टेकलं होतं, आणि बायको अंधारात अचानक हसायला लागली. म्हणाली, “अहो, हीच की ती पाण्यावरची खोली!” पंचवीस वर्षांनी आम्ही खरोखर दोघंच होतो. मधली जागा नव्हती, झगा नव्हता. सकाळी गडी बांधावर डबा ठेवून हाळी द्यायचा आणि मागं सरायचा. शहाळं मी स्वतः पाडलं. त्यावर सेवा शुल्क लागलं नाही, फक्त खांदा लचकला.

महिनाभरात दुसरी लाट अशी आली की विनोद सुचेनासा झाला. गावात रोज कुणाचं ना कुणाचं ऐकू येई. १३ मे पासून मालदीवनं आपल्याकडच्या पर्यटकांना दार लावलं, ते १५ जुलैपर्यंत. तात्यांची मी एकदा आपणहून माफी मागितली. ते म्हणाले, “आरं, गेला ते गेला. धडधाकट आलास, माऊलीची कृपा.” प्लेगात माळावर सगळं गाव गेलं होतं. यावेळी ज्याला परवडलं तो गेला, आणि बाकीचे उंबऱ्याच्या आत राहिले. तात्यांचा हा मोठेपणा मला पुरून उरला.

वस्तीवरच्या चौदा दिवसांत करायला काही नसल्यानं मी वाचन वाढवलं होतं. तेव्हा कळलं, की आपल्याकडं एके काळी बाजारात चालणाऱ्या कवड्यांचा मोठा साठा मालदीवहूनच यायचा. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथं काझी होता, त्यानं कवड्यांच्या व्यापाराचं लिहून ठेवलंय. आई बांधापलीकडं उभी होती. मी मोठ्यानं तिला हे सगळं सांगितलं. आजीच्या माळेतल्या कवड्याही कुणी सांगावं, तिथल्याच असतील.

आईनं जरा वेळ विचार केला.

“म्हंजी आपली देवी तुझ्या आधी जाऊन आली म्हण की.”

“तसंच काहीसं.”

“आन् ती येताना कवड्या घिऊन आली,” आई वळता वळता म्हणाली. “तू काय आणलंस?”